निम्म्या खाटांचा हिवाळा

आज सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि खालून पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज आला. काली पूजा होऊन थोडे दिवस गेले, की दमदमच्या आमच्या गल्लीत हा माणूस दरवर्षी येतो. खांद्यावर ती भलीमोठी धनुकली, पाठीला गाठोडं आणि चालता चालता तारेवर मारलेली टिचकी. हवेत अजून गारवा म्हणावा असं काहीच नसतं. पण हा आवाज ऐकला की अख्खी गल्ली ठरवून टाकते, थंडी पडली. समोरचे घोषबाबू कानटोपी चढवतात, त्यांच्या सौभाग्यवती गच्चीत लेप, म्हणजे कापसाच्या रजया, उन्हाला घालतात आणि कोपऱ्यावरचा मिठाईवाला खजुराच्या नव्या गुळाचा संदेश आला का म्हणून विचारणाऱ्यांना उत्तरं देऊन दमतो. मी पुण्याची. एवढ्या थंडीत आम्ही पंखा लावून झोपतो, असं मी सुरुवातीला सगळ्यांना ऐकवत असे. आता मीही स्वेटर घालते आणि गप्प बसते.

गॅलरीतून हात केला तसा तो थांबला, ओळखीचं हसला. गाठोडं गेटपाशी टेकवून त्याने मान वर केली आणि विचारलं, "दीदी, इस बार कितने?"

किती उश्या करायच्या, एवढंच त्याला हवं होतं. उत्तर मला कालच मिळालेलं होतं. तरी मी त्याला थांबायला सांगितलं आणि चहा गाळायला आत आले. त्या 'किती'मागे माझा एक सबंध हिवाळा उभा आहे आणि चहाचा घोट घेतल्याशिवाय त्याच्याकडे बघण्याची माझी तयारी नव्हती.

शिरीषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा मी पुण्यात नर्स होते. चांगली मुरलेली नर्स. शीर सापडत नसली की डॉक्टर मला हाक मारायचे. नोकरी सोडून, मुलगी मुक्ताचं बोट धरून इथे आले आणि घरात बसून बसून वैतागले. शेवटी चाळिशीच्या उंबरठ्यावर एम.एस्सी. नर्सिंगला नाव घातलं. वर्गातल्या मुली इतक्या लहान होत्या, की पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'दी', म्हणजे ताई, लावून टाकलं. बंगालीत 'व'चा 'ब' होतो, त्यामुळे मी वैशालीची बैशालीदी झाले ती आजतागायत.

मला वाटलं होतं, दोन वर्षं म्हणजे काय, माहीत असलेल्याच गोष्टी जरा मोठ्या शब्दांत वाचायच्या. पहिल्याच आठवड्यात सिद्धांताचा तास लागला, तोही जेवणानंतर. मनुष्य, परिसर, आरोग्य आणि शुश्रूषा असे चार शब्द फळ्यावर, चार चौकोनांत. मग चौकोनांना जोडणारे बाण. बाण इकडून तिकडे जातो की तिकडून इकडे, यावर पाऊण तास चर्चा. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, अहो, रात्रपाळीला एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळला आहे मी, तेव्हा कुठला बाण कुठे गेला हे कोणी विचारलं नव्हतं. डोळ्यांवर झापड यायची. शेजारची मुलगी कोपराने ढोसायची. तिच्या वहीत बाण अगदी रेखीव असत आणि माझ्या वहीत मी पुढच्या आठवड्याची भाजी लिहिलेली असे.

राग यायचा तो खरं तर शिकवणाऱ्यांचा नव्हता. इतक्या वर्षांच्या कामाला नाव नव्हतं आणि आता कोणीतरी परकं नाव घेऊन आलं होतं, त्याचा होता. एक सिद्धांत मात्र मनात रुतला. त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस आपली काळजी आपण घेऊ शकतो. आजारात ती ताकद कमी पडते, तेवढीच नर्सने भरून काढायची. जास्त नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते तो मुक्ता माझी वाट बघून कंटाळून स्वतःची वेणी घालत होती. भांग वाकडा, एक पेड जाड, एक बारीक. माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. ती वाकडी वेणी घालून शाळेत गेली. सबंध दिवस मला ती वेणी दिसत होती. सिद्धांत समजणं म्हणजे हात मागे घेणं, असं तेव्हा वाटलं. हा हात मागे घेणं पुढे किती महागात पडणार आहे, याची कल्पना नव्हती.

संशोधनासाठी माझ्या मार्गदर्शक होत्या सान्याल मॅडम. बारीक अंगाच्या, पांढरे केस, हिवाळाभर एकच मोरपिशी कार्डिगन. टेबलावर दार्जिलिंगची संत्री असायची आणि बोलता बोलता त्या साल अशी सोलायच्या की ती शेवटपर्यंत तुटायची नाही. माझ्याशी इंग्रजीत बोलत, रागावल्या की बंगालीत. मी त्यांना माझा विषय सांगितला. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बायका खोकायला घाबरतात, उठायला घाबरतात. टाके उसवतील असं वाटतं त्यांना. पोटाशी उशी घट्ट धरून खोकलं, कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठलं, तर दुखणं पुष्कळ कमी होतं. हे त्यांना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच नीट बसवून, करून दाखवून शिकवलं तर फरक पडतो का, हे मला बघायचं होतं. फरक पडतोच, असंही मी वर जोडलं. पुण्यात इतकी वर्षं बघत आले होते.

मॅडमनी संत्र्याची फोड माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "तुला वाटतं, की तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मग संशोधन कशाला करतेस? माहीत असलेलं शोधत नाहीत. घरी जा आणि ठरव." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संत्रं मात्र खाल्लं.

शास्त्राचा नियम असा, की एखादी गोष्ट उपयोगी आहे असं म्हणायचं असेल तर काहींना ती द्यायची, काहींना द्यायची नाही आणि मग दोघांची तुलना करायची. न दिलेल्यांच्या गटाला 'कंट्रोल' म्हणतात. त्यांना वाऱ्यावर सोडायचं नसतं. वॉर्डाच्या सिस्टर सगळ्यांना जेवढं सांगतात, करतात तेवढं त्यांनाही मिळतंच. फक्त माझं ते वेगळं शिकवणं नाही. बायकांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी चिठ्ठ्या टाकून निम्म्या खाटा शिकवण्याच्या केल्या, निम्म्या न शिकवण्याच्या. शिकवताना मी पडदा ओढायची आणि आवाज खाली आणायची, म्हणजे शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये. शिकवण्याचा मजकूर बंगालीत तपासून, मंजूर करून घेतला होता. तो मी माझ्या मराठी वळणाने घडाघडा म्हणायची. आपल्या काटेकोरपणाचा मला भारी अभिमान वाटत होता.

आता जो कोणी कधी बायकांच्या वॉर्डात राहिला आहे, तो इथेच हसेल. शेजारच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला, की उरलेल्या सगळ्या वॉर्डाचे कान तिकडे लागतात. मी एवढी मुरलेली नर्स, मला हे कळायला हवं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात संशोधन शिरलं होतं आणि त्यामुळे तिथून वॉर्ड बाहेर पडला होता.

एका दुपारी भेटीच्या वेळेला मी पोहोचले. नातेवाइकांची रांग आत येत होती. हातात डबे, फळं, थर्मास आणि बऱ्याच जणांच्या बगलेत उशी. साधी उशी नव्हे, कोलबालिश. बंगाली माणूस झोपताना कुशीत एक लांबट, गोल उशी घेतो. लहानपणापासूनची सवय असते, तिच्याशिवाय डोळा लागत नाही. दवाखान्यातल्या चपट्या उशीपेक्षा ती पोटाशी कितीतरी बरी, हे माझ्या एका हुशार माशिमाने, म्हणजे मावशीबाईंनी, शोधून काढलं होतं आणि घरून मागवली होती. तिचं बघून दुसरीने. दरवानाने अडवलं तर एक जावई त्याला सांगत होता, सिस्टरदिदीचा हुकूम आहे.

मी आत जाऊन बघते तो प्रत्येक खाटेवर उशी. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, सगळ्या जणी उश्या पोटाशी धरून बसलेल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या, माझ्या कंट्रोल गटातल्या एक आजी नुकत्याच भरती झालेल्या मुलीला समजावत होत्या, आधी श्वास घे, मग उशी दाब, मग खोक. शब्द न् शब्द माझा. इतकंच नव्हे, तर माझ्या मराठी वळणासकट. त्या मुलीला वाटलं असेल, की बंगाली असंच बोलायचं असतं.

पहिला क्षण मला इतका आनंद झाला, की तो मी लपवणार नाही. एक वॉर्डभर बायका न घाबरता खोकत होत्या. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं. माझा कंट्रोल गट उरलाच नव्हता. वर वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, दत्तदी, घरचं बिछान्याचं सामान आत येऊ दिल्याबद्दल सगळ्यांसमोर माझ्यावर बरसल्या. जंतू, नियम, शिस्त. त्यांचं चूक नव्हतं. मी मान खाली घालून उभी राहिले आणि मनात एकच विचार चालू होता, आता काय.

आकडे मांडले तेव्हा जे दिसायचं तेच दिसलं. दोन्ही गटांत फरक नाही. मॅडमनी तक्ते चाळले, माझी आकृती पुढे ओढली. वर चौकोनात 'नर्स' होतं, खाली दोन चौकोन, एक शिकवलेल्या बायकांचा, एक न शिकवलेल्यांचा. नर्सकडून एकच बाण, शिकवलेल्यांकडे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि खालच्या दोन चौकोनांच्या मध्ये, आडवा, दोन्हीकडे टोक असलेला एक बाण काढला. सिद्धांताच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी जे बाण उडवून लावले होते, त्यातलाच एक, बायकांकडून बायकांकडे जाणारा, मी काढायचा विसरले होते.

मग त्यांनी दोन्ही वाटा सांगितल्या. एक, आहे तसं लिहून दे. फरक आढळला नाही, म्हणून. परीक्षक काही म्हणणार नाहीत, वेळेत पदवी मिळेल. दोन, पहिल्यापासून. आधी सगळा कंट्रोल गट पूर्ण करायचा. त्या बायका घरी गेल्या, की मगच शिकवायला सुरुवात. म्हणजे कोणी कोणाला शिकवायला उरणार नाही. पण त्याला अख्खा हिवाळा जाईल.

त्याच आठवड्यात शिरीषचा बदलीचा आदेश आला. भुवनेश्वर. महिनाअखेरीला हजर व्हायचं.

रविवारी सकाळी तो लेप पलंगावर पसरून बसला होता. आमच्या घरी लेप एकच, आधीच्या वर्षी याच पिंजाऱ्याकडून करून घेतलेला. हा मी नेऊ की तुम्हाला ठेवू, असं विचारत होता, पण खरा प्रश्न दुसराच होता हे दोघांनाही कळत होतं. लिहून दिलं असतं तर शाळेचं सत्र संपेपर्यंत थांबून आम्ही तिघं एकत्र गेलो असतो. तो म्हणाला, "आकडे खोटे आहेत का? तू काही बनवाबनवी केलीस का? नाही ना. मग दे की लिहून."

"आकडे खरे आहेत रे. पण ते जे सांगतायत ते खरं नाही," मी म्हटलं. "पुढे कोणी तरी वाचेल की शिकवून काही उपयोग होत नाही, आणि शिकवायचं सोडून देईल."

तो लेपाच्या शिवणीवरून बोट फिरवू लागला. बँकेतला माणूस, ताळेबंद जुळला की त्याचं समाधान होतं, आणि इथे सगळं जुळूनही चुकलं होतं. शेवटी म्हणाला, "एकटी करशील सगळं?" मी हो म्हटलं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण हो म्हणताना आवाज हलला नाही. लेप मी त्याला दिला.

म्हणून त्या वर्षी पिंजाऱ्याला पुन्हा हाक मारली. माझ्यासाठी आणि मुक्तासाठी एक लेप सांगितला आणि सोबत छोट्या उश्या. सगळ्या एका मापाच्या, एका वजनाच्या, कारण मॅडमनी बजावलं होतं की एकीला कोलबालिश, एकीला तक्क्या असं चालणार नाही. वर पुसता येईल असं रेक्झिनचं आवरण, म्हणजे दत्तदींना बोलायला जागा नको. बारशाच्या आहेराच्या आहेत का, असं त्याने विचारलं. गच्चीत बसून तो कापूस पिंजत होता, उन्हात कापसाचे कण तरंगत होते, मुक्ता हाताने ते पकडत होती. कितने, त्याने तेव्हाही विचारलं होतं. मी जपून आकडा सांगितला. शिकवायच्या बायका जेवढ्या, तेवढ्याच. त्याच्यावर एकही नाही.

उश्या तयार होऊन आमच्या दिवाणात पडून राहिल्या, कारण आधी कंट्रोल गट होता.

तो काळ मी कसा काढला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी मुक्ताला शाळेत सोडायचं, मेट्रोने वॉर्ड गाठायचा. शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या खाटेपाशी उभं राहून शून्य ते दहाची पट्टी दाखवायची, किती दुखतंय विचारायचं, लिहायचं. उठून किती चालली ते बघायचं, लिहायचं. बस. समोर ती ओठ दाबून, तळहाताने पोट धरून खोकला गिळते आहे. वॉर्डाच्या सिस्टर गोळ्या देतात, हळूहळू उठा म्हणतात, त्यांचं काम त्या चोख करतात. मला फक्त एक वाक्य बोलायचं असतं. ते बोलायचं नाही. वर्षानुवर्षं जे हात नुसते पुढे जायला शिकले होते, त्यांना मी फाइल धरायला लावली. परतताना मेट्रोच्या काचेत माझा चेहरा दिसायचा आणि मला काचेतल्या त्या बाईचा राग यायचा. पण वॉर्डातल्या वॉर्डात ती गोष्ट पुन्हा फुटू दिली असती, तर हा हिवाळाही फुकट गेला असता. मी दात आवळून जात राहिले.

एक अट मात्र होती आणि ती मॅडमची नव्हे, नीतिसमितीची. तिसऱ्या दिवसाची शेवटची नोंद झाली, की त्या बाईला मी सगळं शिकवायचं, तेही ती घरी जायला निघताना, म्हणजे वॉर्डात फुटायला नको. त्या क्षणाची मी चातकासारखी वाट बघायची.

काकोली या गटातली शेवटची. कोलकात्याजवळच्या बजबजची. पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झालेली, घरी दोन मुलं, नवरा ज्यूट मिलमध्ये. नणंद रोज लोकलने डबा घेऊन यायची. काकोली बोलकी होती, पण शस्त्रक्रियेनंतर तिला खोकला लागला आणि बोलणंच बंद झालं. तिन्ही दिवस मी पट्टी दाखवली, तिन्ही दिवस तिने मोठा आकडा दाखवला. शेवटची नोंद लिहून झाली, मी पेनाला टोपण लावलं, वॉर्डाची उशी तिच्या पोटाशी ठेवली, तिचे दोन्ही हात तिच्यावर घेतले आणि म्हटलं, आता दाबून खोक. ती खोकली. तिने डोळे मोठे करून उशीकडे बघितलं. पुन्हा खोकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आगे बोलेन नि केनो, दिदी?"

आधी का नाही सांगितलंत.

आवाजात तक्रार नव्हती, हे जास्त लागलं. ती खरंच विचारत होती. भरती होताना तिने सही केली होती, मी तिला सगळं समजावलंही होतं, की काही बायकांना शिकवतात, काहींना शेवटी शिकवतात. पण कागदावर सही करणं वेगळं आणि तीन दिवस पोट धरून पडणं वेगळं. माझ्याकडे तिला देण्यासारखी दहा उत्तरं होती, पुस्तकातली. त्यातलं एकही न देता मी माझ्या मोडक्या बंगालीत म्हटलं, "कारण मला माहीत नव्हतं. मला फक्त वाटत होतं."

बोलल्यावर मला कळलं, की मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मी आत्ता दिलं आहे. ते द्यायला इतके महिने लागले होते.

काकोली माझ्याकडे वळली. उशी अजून पोटाशीच होती. म्हणाली, "आता कळलं?" मी म्हटलं, अजून अर्धंच. तुझ्यानंतर येणाऱ्या बायकांना शिकवेन, मग कळेल. ती म्हणाली, कळलं की मला सांगा.

दुसरा गट पौषात सुरू झाला. दिवाणातून उश्या निघाल्या. आता मी पडदा ओढत नव्हते, मोठ्याने शिकवत होते, मराठी वळणाने, आणि वॉर्ड ऐकत होता तर ऐकू दे. बायका एकमेकींना चुका दाखवायच्या. शिरीष एक शनिवार सोडून एक शनिवार यायचा, येताना मुक्तासाठी छेनापोडा, ती तिकडची भाजलेल्या पनीरची मिठाई, आणायचा, आणि मी तक्ते भरत असताना पोळ्या करायचा. त्याच्या पोळ्या बघून मुक्ता विचारायची, "आई, बाबाने हा कुठला मॅप केला?" तिचं मराठी तोवर बरंच बंगाली झालं होतं. सरस्वती पूजेला ती पिवळी साडी नेसून शाळेत गेली, वेणी स्वतः घातली होती आणि भांग सरळ होता. तो सरळ भांग बघून मी रडले. ती म्हणाली, आई, काय झालं, नीट नाही का?

फरक निघाला. मला वाटलं होतं तेवढा मोठा नव्हता, पण होता, आणि नि:संशय होता. मॅडमनी शेवटचा तक्ता दोनदा बघितला, चष्मा काढला, म्हणाल्या, "आता माहीत आहे." टेबलावरची संत्री तोवर संपली होती, हंगाम सरला होता. प्रबंधाच्या आकृतीत तो आडवा बाण मी शाईने काढला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, हा कशासाठी. मी त्यांना उश्यांची गोष्ट सांगितली. फसलेला पहिला प्रयत्नही मी प्रबंधात सगळा लिहिला होता. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

काकोली फाल्गुनात तपासणीला आली. तिची तारीख मला ठाऊक होती, म्हणून बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात मी जाऊन उभी राहिले. अंगाने भरली होती, साडी कडक इस्त्रीची. मी तिला सांगितलं, कळलं. फायदा होतो. ती खूश झाली, जणू तिचाच निकाल लागला होता. मग म्हणाली, "तर आता सगळ्यांना आधीच सांगणार ना?"

मी हो म्हटलं. चटकन म्हटलं. त्या वेळी मला वाटलं, एवढं मोठं काम झालं, आता हे काय अवघड आहे.

ते सगळ्यात अवघड निघालं. पदवी मिळाली, त्याच कॉलेजात शिकवायला लागले, शिरीष पुन्हा इकडे आला आणि रोज न्यू टाउनच्या ऑफिसात जायला लागला. पण वॉर्डात उश्या येईनात. आवरणं पुसणार कोण, शिकवायला वेळ कोणाला, एका प्रबंधावर वॉर्डाची पद्धत बदलायची का. माझे विद्यार्थी वॉर्डात असतील त्या आठवड्यांत, त्यांच्या वाट्याच्या खाटांपुरत्या उश्या, एवढंच जमायचं. म्हणजे पुन्हा निम्म्याच खाटा. फक्त आता त्याला शास्त्राचं कारणही नव्हतं. गेले दोन हिवाळे पिंजाऱ्याने किती विचारलं, की मी 'थोडे' म्हणायची आणि मला बजबजच्या बाईचा तो चेहरा आठवायचा. पण मी हट्टी आहे. प्रत्येक तिमाही बैठकीत मी तो विषय काढला. लोक माझ्याकडे बघून आधीच सुस्कारा टाकायचे, तरी काढला. दत्तदींना वॉर्डात नेऊन, दोन बायका शेजारी शेजारी खोकताना दाखवल्या, एक उशी धरून, एक नुसती.

काल दत्तदींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, रागावल्यासारखा. म्हणाल्या, बैठकीत मंजूर झालं आहे, या महिन्यापासून आदल्या दिवशी शिकवणं हे वॉर्डाचंच काम, माझ्या सिस्टर करतील. तुमच्या त्या माणसाला निरोप द्या. आवरणं नीट शिवायला सांगा, मागच्या वेळी टाके ढिले होते.

चहा संपला. कप विसळून मी खाली उतरले. पिंजारी गेटपाशी उन्हात बसून तार ताणत होता, घोषबाबू कानटोपीत त्याच्याशी लेपाचं वजन बोलत उभे होते. मला बघून त्याने पुन्हा विचारलं, "कितने, दीदी?"

मी म्हटलं, "जितने बेड हैं, उतने."